साक्षीदाराची आठवण आणि आरोपीचा मेंदू

१२ जून २००८ रोजी पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्याचा निकाल दिला. असे निकाल सहसा जिल्ह्याबाहेर फारसे वाचले जात नाहीत, पण या निकालाची चर्चा अमेरिकेतल्या मेंदूवैज्ञानिकांपर्यंत पोहोचली. व्यवस्थापनाचे शिक्षण घेणाऱ्या एका तरुणीने आपल्या पूर्वीच्या वाग्दत्त वराला प्रसादातून आर्सेनिक दिले, असा आरोप होता. सरकारी पक्षाच्या पुराव्यात मुंबईतल्या कालिनाच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत झालेली एक चाचणी होती. आरोपीच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावायचे, तिला गप्प बसवायचे आणि 'मी आर्सेनिक विकत घेतले' अशा धर्तीची प्रथमपुरुषी वाक्ये ऐकवायची. त्या वेळी मेंदूत उठणाऱ्या विद्युत लहरींवरून संगणक सांगणार की हे ज्ञान तिला अनुभवातून मिळाले आहे की नाही. चाचणीचे लांबलचक इंग्रजी नाव 'बीईओएस' असे आखूड केले जाई, वर्तमानपत्रे तिला सरसकट ब्रेन मॅपिंग म्हणत. न्यायालयाने या चाचणीला पुरावा म्हणून वजन दिले आणि जन्मठेप सुनावली. काही महिन्यांतच मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षेला स्थगिती देऊन तिला जामीन दिला.

ती दोषी होती की निर्दोष, हा माझा विषय नाही. ज्या आधारावर मेंदूतला अनुभव ओळखल्याचा दावा झाला, तो आधार मात्र तपासायलाच हवा. पोलीस कोठडीत जिची अनेकदा चौकशी झाली आहे, तिने ती वाक्ये आधीच ऐकलेली असतात. त्यांची चित्रे तिच्या मनात, तिच्या इच्छेविरुद्धही, उभी राहिलेली असतात. केलेले कृत्य, वारंवार ऐकलेला आरोप आणि भीतीपोटी केलेली कल्पना यांतला फरक त्या लहरींमधून वेगळा काढता येतो, हे स्वतंत्र संशोधकांनी तपासून सिद्ध केलेले नव्हते. या तंत्राचे जनक चंपादी रामन मुकुंदन पूर्वी बंगळुरूच्या निम्हान्समध्ये होते. त्याच निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने २००८ मध्येच सांगितले की ही पद्धत वैज्ञानिक कसोटीला उतरत नाही, आणि तपासात किंवा न्यायालयात तिचा वापर थांबवावा.

त्याआधी काही वर्षे नार्को चाचणीचे वारे वाहत होते. बनावट मुद्रांक घोटाळ्यातल्या अब्दुल करीम तेलगीला गुंगीचे औषध देऊन विचारलेल्या प्रश्नांची चित्रफीत वृत्तवाहिन्यांवर दाखवली गेली आणि घराघरांत लोकांनी ती पाहिली. त्या घोटाळ्याच्या संदर्भात २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा चाचण्या आरोपीच्या संमतीविना करायला हरकत नाही, असे म्हटले होते. या चाचणीत दिल्या जाणाऱ्या सोडियम पेंटोथॉलने माणसाचा संयम सैल होतो. खरे तेवढेच बोलावे, अशी काही त्या औषधाची करामत नाही. गुंगीतला माणूस खरे बोलतो, ऐकलेले बोलतो, समोरच्याला हवे असलेलेही बोलतो.

५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या तिन्ही चाचण्या सक्तीने करायला मनाई केली. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती होऊ नये हा घटनेच्या कलम २० (३) मधला हक्क आणि कलम २१ मधले वैयक्तिक स्वातंत्र्य, हे त्यामागचे आधार. संमतीने चाचणी झाली तरी तिचा निष्कर्ष स्वतः पुरावा ठरणार नाही, त्यातून पुढे एखादी वस्तू किंवा माहिती हाती लागली तर तेवढीच ग्राह्य, असेही न्यायालय म्हणाले. माझ्या मते आपल्याकडच्या मन आणि कायदा या विषयावरचा हा सर्वांत महत्त्वाचा निकाल आहे. त्यात एक फट मात्र राहिली. कोठडीत असलेल्या माणसाची संमती म्हणजे नेमके काय? 'लपवायचे काही नसेल तर चाचणीला घाबरतोस कशाला', या प्रश्नापुढे नकार देण्याचे बळ किती जणांत असते? जून २०२५ मध्ये, सेल्वीनंतर १५ वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाला बिहारमधल्या एका प्रकरणात पुन्हा बजावावे लागले की जामिनाच्या सुनावणीत सर्व आरोपींची नार्को करण्याची पोलिसांची तयारी उच्च न्यायालयाने मान्य करणे चूक होते.

यंत्राचा हा मोह फक्त आपला नाही. रक्तदाबावरून खोटे ओळखण्याचा प्रयोग अमेरिकेत १९२३ मध्ये न्यायालयापुढे आला आणि फ्राय खटल्यात तो फेटाळला गेला. संबंधित क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी मान्य केलेलेच विज्ञान न्यायालयात यावे, ही कसोटी तिथून आली. १९९३ च्या डॉबर्ट निकालाने तिच्या जागी अधिक बारीक प्रश्न आणले: पद्धत तपासून पाहिली आहे का, तिच्यातल्या चुकांचे प्रमाण किती, इतर संशोधकांनी ती पारखली आहे का. आपल्या १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ४५ आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ३९ झाले. ते तज्ज्ञाचे मत ग्राह्य धरते, पण ज्या विज्ञानावर तज्ज्ञ उभा आहे त्या विज्ञानाची परीक्षा कशी घ्यायची, याबद्दल काही सांगत नाही. पुण्यात घडले ते या उणिवेमुळे.

आरोपीच्या डोक्यात शिरण्याची कायद्याची धडपड यंत्रांहून बरीच जुनी आहे. १८४३ मध्ये डॅनियल मॅकनॉटन याने ब्रिटिश पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या खासगी सचिवाला गोळी घातली. तो भ्रमिष्ट ठरून सुटला, लोक खवळले आणि लॉर्ड्स सभागृहाने न्यायाधीशांकडून नियम मागवले. त्याच नियमांच्या वळणावर १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम ८४ बेतले गेले. कृत्य करताना मनाच्या विकलतेमुळे त्या कृत्याचे स्वरूप, किंवा ते चुकीचे वा बेकायदा आहे हे, आरोपीला कळत नसेल तर तो गुन्हा नाही. २०२४ मध्ये भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा याच कलमाला २२ क्रमांक मिळाला, आशय तोच राहिला. दरम्यानच्या दीडशेहून अधिक वर्षांत मनोविकारशास्त्र कुठल्या कुठे गेले.

अडचण 'कळत नसेल' या शब्दांत आहे. कळते पण आवरत नाही, अशा माणसाला हे कलम ओळखत नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात २००० साली चाळिशीतल्या एका शिक्षकाच्या मनात अचानक लहान मुलांविषयी विकृत वासना जागी झाली. तपासणीत मेंदूच्या पुढच्या भागात मोठी गाठ सापडली. ती काढल्यावर वासना गेली. काही महिन्यांनी वासना परतली, तेव्हा गाठही पुन्हा वाढलेली दिसली. आपण करतो ते वाईट आहे हे त्याला सगळा वेळ ठाऊक होते. आपल्या कलमाच्या मोजपट्टीवर तो पूर्ण दोषी ठरतो. पण या उदाहरणाचा गैरवापरही खूप होतो. मेंदूत काही वेगळे दिसले म्हणजे माणूस जबाबदारीतून सुटला, असा अर्थ काढला जातो. स्टीफन मोर्स हे अमेरिकी कायदेपंडित या प्रवृत्तीविरुद्ध अनेक वर्षे लिहीत आले आहेत. त्यांचे म्हणणे असे, की गुन्हा माणूस करतो, मेंदू नव्हे. प्रत्येक वर्तनामागे मेंदूत काही ना काही घडतच असते, म्हणून कारण सापडणे म्हणजे सबब सापडणे नव्हे. मला हे पटते. शिवाय संशोधनातली विधाने शेकडो मेंदूंच्या सरासरीवर बेतलेली असतात आणि पिंजऱ्यात मात्र एकच माणूस उभा असतो.

कलम ८४ नीट वापरले तर काय होते, हे दाखवणारा एक महाराष्ट्रातला निकाल मला फार मोलाचा वाटतो. एका पोलीस शिपायाने १९९४ मध्ये पत्नीचा खून केला होता. सत्र न्यायालय आणि उच्च न्यायालय, दोन्हींनी त्याला दोषी ठरवले. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची मुक्तता केली. तो निकाल उभा राहिला तो त्याच्या स्किझोफ्रेनियाच्या जुन्या उपचारांवर, वडिलांच्या मानसिक आजारावर, घटनेनंतरही वारंवार रुग्णालयात न्यावे लागल्याच्या नोंदींवर, आणि कृत्य लपवण्याचा वा पळून जाण्याचा प्रयत्नच त्याने केला नाही या गोष्टीवर. म्हणजे रुग्णालयाचे कागद जपून ठेवलेले असले आणि न्यायाधीशाने ते सलग वाचले, तर मनाबद्दल पुष्कळ कळते.

आणखी एका शिपायामुळे मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये इतिहास घडवला. अपघातात डोक्याला मार लागल्यावर त्याला मानसिक आजार जडला होता. त्याने मुंबई महापालिकेत पेटवून घेण्याचा प्रयत्न केला आणि त्याच्यावर आत्महत्येच्या प्रयत्नाचा खटला भरला गेला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने दंड संहितेचे कलम ३०९ च घटनाबाह्य ठरवले. मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाला तुरुंगाची नव्हे, उपचाराची गरज असते, हा त्यामागचा विचार. १९९६ मध्ये घटनापीठाने हे मत नाकारले. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरायला सांगितले, आणि न्याय संहितेतून तो सरसकट गुन्हा निघूनच गेला. मुंबईच्या त्या खंडपीठाला जे दिसले होते, ते कायद्यात उतरायला तीन तपांहून अधिक काळ लागला.

अल्पवयीनांच्या बाबतीत मेंदूविज्ञानाने कायद्याला सर्वांत जास्त दिले. परिणामांचा विचार करणारा आणि आवेग रोखणारा मेंदूचा अग्रभाग विशीतही परिपक्व होत असतो, तर उत्तेजना शोधणाऱ्या यंत्रणा किशोरवयातच जोरात असतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अल्पवयीनांची फाशी रद्द केली आणि २०१२ मध्ये त्यांना आपोआप दिल्या जाणाऱ्या पॅरोलविना जन्मठेपेला नकार दिला, तेव्हा या संशोधनाचा हातभार होता. आपण नेमके उलट गेलो. दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतरच्या संतापातून २०१५ चा कायदा आला. त्याच्या कलम १५ नुसार १६ ते १८ वयाच्या मुलाने घोर गुन्हा केला असेल, तर बाल न्याय मंडळ त्याच्या मानसिक क्षमतेची, परिणाम समजण्याच्या कुवतीची प्राथमिक चाचपणी करते आणि त्याचा खटला प्रौढासारखा चालवायचा का ते ठरवते. घटनेला कित्येक आठवडे उलटल्यावर, काही भेटींत, त्या क्षणी त्या मुलाच्या मनाची कुवत काय होती हे कोणता मानसशास्त्रज्ञ खात्रीने सांगेल? बुद्ध्यांक मोजता येतो. मित्रांच्या घोळक्यात, मध्यरात्री, नशेत तीच बुद्धी कशी चालली असेल, हे मोजण्याची कसोटी कुणाकडेच नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच म्हणावे लागले की हे काम नाजूक आहे आणि त्यासाठी मार्गदर्शक सूचना हव्यात.

वयाची ठाम रेषा हीच मला अधिक न्याय्य वाटते. तीदेखील पाळली जात नाही, याचा दाखला पुण्यातलाच आहे. १९९४ मध्ये शहरात एकाच घरात सात जणांची हत्या झाली आणि त्या प्रकरणात एकाला फाशी सुनावली गेली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. तोवर त्याने २८ वर्षे तुरुंगात काढली होती. इथे मेंदूविज्ञान लागलेच नाही. शाळेचा दाखला वेळेवर पाहिला असता तरी पुरले असते.

फाशीच्या शिक्षेबाबत मात्र अलीकडे खरी हालचाल झाली आहे. एप्रिल २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या एका कैद्याच्या प्रकरणात, ज्याचे नाव न्यायालयाने निकालातही 'आरोपी एक्स' असे ठेवले, शिक्षेनंतर जडलेला तीव्र मानसिक आजार हे फाशी टाळण्याचे कारण ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. २०२२ च्या मनोज खटल्यात तर फाशी मागणाऱ्या सरकारनेच आरोपीचे मानसशास्त्रीय मूल्यमापन आधी सादर करावे, असा दंडक घातला गेला. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या 'प्रोजेक्ट ३९ए' ने २०२१ मध्ये ८८ फाशीच्या कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मानसिक तपासणी झालेल्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जणांना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला. या माणसांचे मन कुणीतरी पाहायला आले ते फासाचा दोर गळ्यापाशी आल्यावर.

इथवरची सगळी चर्चा आरोपीच्या मनाची झाली. खटला मात्र इतरांच्याही मनांवर चालतो: साक्षीदाराच्या, तपास अधिकाऱ्याच्या, न्यायाधीशाच्या. आणि मानसशास्त्राचे सर्वांत भक्कम, सर्वांत स्वस्त, कोणतेही यंत्र न लागणारे ज्ञान नेमके याच मनांबद्दल आहे. आपली न्यायव्यवस्था त्याकडे फारशी पाहत नाही, आणि हीच माझी मुख्य तक्रार आहे.

ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनी साक्षीदाराच्या स्मृतीवरचे पुस्तक १९०८ मध्येच लिहिले होते. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची फीत दाखवली. काहींना विचारले, गाड्या 'धडकल्या' तेव्हा वेग किती होता. काहींना त्याहून जोरकस क्रियापद वापरून, जणू गाड्यांचा चक्काचूर झाला अशा थाटात, विचारले. दुसऱ्या गटाने वेग जास्त सांगितला. आठवड्याने फुटलेल्या काचा पाहिल्या का असे विचारल्यावर त्या गटातल्या ५० पैकी १६ जणांनी हो म्हटले, पहिल्या गटात ७ जणांनी. फितीत काच फुटलेलीच नव्हती. एका क्रियापदाने आठवण बदलली, आणि सांगणारा प्रत्येक जण प्रामाणिक होता. आठवण ही सांगताना दर वेळी नव्याने रचली जाते. आपल्या वकिलांच्या बोलण्यात साक्षीदार दोनच प्रकारचे असतात, खरा किंवा पढवलेला. प्रामाणिकपणे चुकणारा तिसरा साक्षीदार उलटतपासणीत सापडत नाही, कारण तो खोटे बोलतच नसतो. अमेरिकेत डीएनए तपासणीतून निर्दोष ठरलेल्या शेकडो कैद्यांपैकी निम्म्याहून अधिकांच्या खटल्यात चुकीची ओळख होती.

आता ११ जुलै २००६ कडे या. पश्चिम रेल्वेच्या लोकलमधल्या सात स्फोटांत १८० हून अधिक माणसे गेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांची शिक्षा रद्द केली. त्या निकालातले दोन मुद्दे थेट मानसशास्त्राचे आहेत. पहिला असा, की शंभराहून अधिक दिवसांनी पुढे आलेल्या टॅक्सीचालकांना, रोज असंख्य उतारू वाहताना, एका फेरीतल्या प्रवाशाचा चेहरा इतका पक्का आठवेल का. ओळख परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला तो अधिकारच नव्हता, हेही न्यायालयाने नोंदवले. दुसरा मुद्दा कबुलीजबाबांचा. वेगवेगळ्या आरोपींच्या जबाबांत सारखाच मजकूर होता आणि छळाच्या तक्रारींत न्यायालयाला तथ्य वाटले. पोलिसांपुढची कबुली आपल्या पुरावा कायद्यात पहिल्यापासून अग्राह्य आहे. १९९९ च्या मकोका कायद्याने त्याला अपवाद केला आणि अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली चालेल, असे ठरवले. निरपराध माणूस कबूल होतोच कसा, या प्रश्नाचे उत्तर गिस्ली गुडजॉन्सन यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून दिले आहे. थकवा, एकटेपणा, झोप नसणे आणि 'एकदा सही कर, मग जा' हे आश्वासन पुरते. ब्रिटनने हे ओळखून १९८४ च्या कायद्यापासून पोलीस चौकशीचे ध्वनिमुद्रण रुळवले. लोकल स्फोटांच्या या निकालाचा दाखला म्हणून वापर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्येच थांबवला आहे. पण स्मृतीबद्दलचा प्रश्न त्या स्थगितीने मिटत नाही. आणि स्फोटांत आपली माणसे गमावलेल्यांनाही खरा गुन्हेगार कळण्याचा हक्क आहे. घाईच्या कबुलीने आणि उशिराच्या ओळखीने तो हक्कच पहिल्यांदा हिरावला जातो.

न्यायाधीशाच्या मनाबद्दल एकच उदाहरण देतो, पण ते विसरता येत नाही असे आहे. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा खटला. नागपूर खंडपीठाने म्हटले की भीतीने निमूट राहणे म्हणजे संमती नव्हे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला, कारण अंगावर जखमा नव्हत्या आणि तिने आरडाओरडा केला नव्हता. त्यावर उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी लिहिलेल्या खुल्या पत्राने देश हलला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. संकटात लढणे किंवा पळणे याशिवाय शरीराची तिसरी प्रतिक्रिया असते: ताठून, थिजून जाणे. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर मदतीसाठी आलेल्या २९८ स्त्रियांपैकी ७० टक्के जणींनी ती अनुभवल्याचे २०१७ मधल्या अभ्यासात दिसले. नागपूरच्या न्यायमूर्तींना हे कळायला कोणताही अभ्यास लागला नव्हता. तरीही 'स्वाभाविक वागणूक अशी नसते' हे वाक्य आजही निकालपत्रांत भेटते. साक्षीदाराच्या हावभावावरून खरे-खोटे ओळखण्याचा विश्वासही तसाच टिकून आहे. वास्तविक या विषयावरच्या शेकडो प्रयोगांचा एकत्रित हिशेब सांगतो की माणसे खोटे ओळखण्यात १०० पैकी साधारण ५४ वेळा बरोबर ठरतात, नाणे उडवण्यापेक्षा जेमतेम बरे.

सुधारणा कुठून सुरू करायची, तर ओळख परेडीपासून. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये एका संशयितामागे किमान सहा डमी उभे करावेत, दोघांना उभे करायचे तर दहा-बारा, असे नियम आहेत, आणि ते चांगले आहेत. त्यांत आणखी तीन गोष्टी हव्यात. परेड घेणाऱ्याला संशयित कोण हे ठाऊक नसावे. गुन्हेगार रांगेत कदाचित नसेलही, हे साक्षीदाराला आधी सांगावे. आणि बोट दाखवल्याक्षणी 'तुम्हाला किती खात्री आहे' हे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. कारण गॅरी वेल्स यांच्या प्रयोगांत दिसले आहे की 'बरोबर ओळखलेत' एवढे ऐकल्यावर चुकलेल्या साक्षीदाराची खात्रीही वाढते, आणि न्यायालयापुढे येते ती वाढलेलीच. यासाठी संसदेत विधेयक नको की कालिन्यात नवे उपकरण नको. तहसीलदारांना एक दिवसाचे प्रशिक्षण आणि उच्च न्यायालयाचे एक परिपत्रक पुरेल.